ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग

प्रिय मास्तरीणबाई,

भिंगरी बरी आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर मुलीचं काय ते कळेपर्यंत पुढची एक ओळ तुझ्या डोक्यात शिरायची नाही. ताप उतरलाय. सकाळी अर्धं अंडं आणि पावाची एक कड खाल्ली, आणि कड नीट भाजली नाही म्हणून माझ्याशी भांडली. भांडायला लागली म्हणजे बरं वाटतंय, ही तुम्हा दोघींची खूण मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा आता खुर्ची ओढ आणि बस. उभ्या उभ्या वाचू नकोस. आणि वाचून होईपर्यंत बॅगेला हात लावायचा नाही, फोनलाही लावायचा नाही. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.

मास्तरीणबाई म्हणायचा हक्क मला उरलाय का, कोण जाणे. पण दुसरं काय लिहिणार? नुसतं नाव लिहिलं की वकिलाची नोटीस वाटते, आणि ‘भिंगरीची आई’ ही शाळेच्या फाटकावरची ओळख झाली. फोनवर तर आपण एकमेकांना हाकच मारत नाही, एकदम मुद्द्यावर येतो. किती वाजता आणू, स्वेटर दिलाय का, गृहपाठ झाला का, बरं, ठेवते. तुझं ते ‘ठेवते’ ऐकल्यावर मी पुष्कळदा फोन तसाच कानाला धरून उभा राहतो, हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. आज जे सांगायचंय ते त्या असल्या बोलण्यात मावायचं नाही, म्हणून कागद घेतला. दुकानात गल्ल्यामागे बसलोय. भर दुपारी रंग घ्यायला कोण येतंय? वर खोलीत भिंगरीजवळ तिची आत्या बसली आहे. दोघी पत्ते खेळताहेत आणि दोघीही लबाडी करताहेत, ते जिन्यातून मला ऐकू येतंय. कागद, पाकीट, पेन, सगळं दुकानातलं आहे. भिंगरीचा हात यातल्या कशालाच लागलेला नाही, आणि मीही साबणाने हात धुऊनच बसलोय. हे मुद्दाम का सांगतोय ते पुढे कळेलच.

तर, भिंगरीला कांजिण्या झाल्यात. उद्या संध्याकाळी तू इथे येणार, परवा सकाळी आपण तिघं दीपगृह बघायला निघणार, आणि नेमक्या आत्ताच कार्टीला कांजिण्या. ही सगळी खालच्या न्हाव्याच्या जुळ्यांची कृपा. सुट्टी लागली तेव्हाच ते दोघं अंगभर ठिपके घेऊन ओट्यावर उभे होते. मी भिंगरीला म्हटलं, लांबूनच हात कर. पण ती लांबून कधी काही करते का? तुझीच मुलगी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लस टोचलेली होती म्हणून हलक्यावर निभावलं, फोड थोडेच आहेत, पण दुसऱ्याला व्हायच्या त्या होतातच. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तिने कोणात मिसळायचं नाही. माझी काळजी नको, मला शाळेत असतानाच झाल्या होत्या, आणि आत्याने त्या माझ्याकडूनच घेतल्या. त्याबद्दल ती अजून मला बोलते.

सहलीचं काय बोलू? वेगळे झालो त्या दिवशी वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर भिंगरीला मधे बसवून आपण शब्द दिला होता, की काही झालं तरी वर्षातून एकदा तिघांनी मिळून कुठेतरी जायचं. तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला आणि आपण तो दरवर्षी पुढे ढकलला. एकदा तुझे परीक्षेचे पेपर, एकदा माझा गुडघा, मग तुझं लग्न. तू लग्न केलंस तेव्हा तर मी आशाच सोडली होती. आणि यंदा तूच फोन केलास, की बेटावरच्या दीपगृहाला जाऊ, बोट अजून चालू आहे, दोन खोल्या सांगून ठेवल्यात, एक आम्हा दोघींची आणि एक तुझी. तुझ्या नवऱ्याने हो म्हटलं याचं मला अजून नवल वाटतं. मी त्याच्या जागी असतो तर थोडं तरी तोंड वाकडं केलं असतं. दातांच्या डॉक्टरला दिवसभर दुसऱ्यांची वाकडी तोंडं बघावी लागतात, म्हणून स्वतःचं तो सरळ ठेवत असेल.

त्या फोनपासून मी हवेतच होतो. हस खुशाल. गुडघ्याला सवय व्हावी म्हणून दुकानापासून गच्चीपर्यंतचा जिना रोज चढायचो. भिंगरी खाली उभी राहायची, आणि मी मधल्या वळणावर दम खायला टेकलो की शिट्टी मारायची. नवा शर्ट घेतला, तोही पांढरा. रंगाच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाने पांढरा शर्ट घ्यायचा म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार? वर्षानुवर्षं फळ्यावर समुद्र काढणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी खऱ्या समुद्रात पायाचा अंगठासुद्धा बुडवलेला नाही, यावरून तुझी कशी थट्टा करायची तेही ठरवून ठेवलं होतं. एरवी माझं काय चालतं ते सांगू? भिंगरी तुझ्याकडे असते तेव्हा दुकान बंद करून वर जातो आणि रेडिओ लावतो. ऐकायला नाही, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. चहाचे दोन कप काढायची सवय मोडली, पण कुलूप काढताना अजून खाकरतो, आत कोणी असल्यासारखा. आत्या म्हणते कुत्रा पाळ. मी म्हणतो, कुत्र्याला दिवसभर रंगाचा वास सोसायचा नाही. एकटं वाटतं गं. इतक्या वर्षांत हे तोंडाने बोललो नव्हतो, आज लिहून टाकलं. म्हणून ही सहल माझ्या लेखी नुसती पोरीची हौस नव्हती, एवढंच सांगायचं होतं.

आता गंमत ऐक. गंमतच म्हणायची, दुसरं काय. कांजिण्या झाल्याचं भिंगरीने माझ्यापासून लपवलं. पहिले फोड तिला आंघोळ करताना दिसले. जुळ्यांचे बघितलेले होते, त्यामुळे हे काय आहे ते तिला लगेच कळलं, आणि आता सहल बुडणार हेही कळलं. मग बाईसाहेब कपडे करून दुकानात आल्या आणि मला रंग करायचाय म्हणाल्या. मला काय, आनंदच झाला. तुला माहीत आहे, हल्ली दुकानात यंत्र आहे, आकडा दाबला की डब्यात मोजून थेंब पडतात. पण जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं असलं की यंत्राचं काही चालत नाही, तिथे डोळ्यानेच जुळवावं लागतं. ते मी तिला या सुट्टीत शिकवतोय. पांढऱ्यात आधी पिवळा, मग तांबडा, काळा सगळ्यात शेवटी आणि तोही काडीच्या टोकावर. ती आपल्याच हाताच्या पाठीवर थेंब लावून लावून बघत होती. कुठल्या भिंतीचा रंग गं हा, असं मी विचारलं, तर म्हणाली, आहे एक भिंत. इतका सुरेख जुळवला होता की मी तिची पाठ थोपटली. आणि तो डबा तिने गुपचूप वर नेला, मानेवरच्या आणि दंडावरच्या एकेका फोडावर रंगाचं बोट लावलं, आणि वर लांब बाह्यांचा शर्ट चढवला. अख्खा दिवस ती माझ्यासमोर वावरली. लोकांच्या भिंतींवरची ठिगळं लांबून ओळखणारा मी, मला काही म्हणजे काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीवर ऊन लागेल म्हणून तिला टोपी घ्यायला निघालो. दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर उतरलो, तिच्या मानेवर ऊन पडलं, आणि तिथे पिवळट ठिपके दिसले. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग उन्हात फसवतो. डबा दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हे मी तिला हजारदा सांगितलंय. पण चोरीचा मामला, ती दारात कशाला जाते? आणि मी काय केलं असेल? बाप म्हणून घाबरायच्या आधी मी रंगवाला म्हणून वैतागलो. ट्यूबलाइटखाली जुळवलास ना, म्हणून भर रस्त्यात ओरडलो. तिने मान खाली घालून हो म्हटलं. मग आम्ही दोघं तिथेच उभे, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ही भिंत नाही, ही माझी पोरगी आहे. कपाळाला हात लावला तर चटका बसला. सहल गेली ना बाबा, सहल गेली ना, एवढंच ती रडत रडत म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. पाण्यात विरघळणारा रंग होता म्हणून वाचलात म्हणाल्या. भिंगरीला मात्र, पुन्हा एवढं छान जुळवलंस तर मला दाखव, असं म्हणाल्या.

तरी मी धीर सोडला नव्हता. खपल्या धरल्या तर न्यायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघालं होतं, तेच धरून बसलो. नखं कापली, सुती कपडे घातले, तो गुलाबी लेप आणला. काय ती छटा! माझ्या दुकानात असला गुलाबी मी मागच्या फळीवर ठेवला असता. रोज सकाळी तिला खिडकीशी उभी करायचो आणि एकेक फोड निरखायचो, ओला आहे की वाळला. रंग वाळायची वाट बघण्यातच माझा जन्म गेला, पण इतकी घाई कधी झाली नव्हती. काल संध्याकाळी पाठीवरचे थोडे राहिले होते. मनात म्हटलं, निघेपर्यंत होतील. नाही झाले तर बोटीच्या एका टोकाला आपण बसू, बाकीची माणसं दुसऱ्या टोकाला. दीपगृहाच्या जिन्यात मी पुढे जाऊन कोणी उतरत नाही ना बघीन. असं काय काय मी स्वतःलाच पटवत होतो. आणि तुला फोनवर सांगितलं की थोडी सर्दी आहे. वाटलं, कांजिण्या म्हटल्या की तू लगेच सगळं रद्द करशील. येशील तेव्हा दारातच सांगू, आलेली माणसं काही लगेच परत जात नाहीत.

आज सकाळी तिला लेप लावत बसलो होतो. पाठीवरचे ते थोडे अजून ओलेच होते, आणि दोन नवे उठले होते. तिचा चेहरा पडू नये म्हणून म्हटलं, नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी जाऊ, दीपगृह कुठे पळून जातंय? तर ती फणकाऱ्याने म्हणाली की पुढच्या वर्षी आईजवळ बाळ असेल, मग आई वर कशी चढणार? आणि एकदम दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिने तुला शब्द दिला होता म्हणे. आई बाबाला स्वतः सांगणार आहे, वर दिव्यापाशी गेल्यावर, म्हणून तर आपण जातोय, हेही मग हुंदक्यांत बाहेर आलं. खरं सांगतो, आधी राग आला. कोणाचा ते विचारू नकोस, माझं मलाच सांगता यायचं नाही. मग डोक्यात आलं, म्हणजे माझा नवा शर्ट, माझा गुडघा, ते जिने चढणं, आणि तिकडे तू मनात वाक्यं जुळवत होतीस. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि मग हसूही आलं, कारण तुझी ही जुनीच खोड. मला काही जड सांगायचं असलं की तू मला उंचावर नेतेस. वेगळं व्हायचं म्हणालीस तेही टेकडीवर नेऊन, आणि मग उतरताना माझ्या गुडघ्यामुळे तुलाच मला धरावं लागलं होतं.

हसू आलं ते तिथेच थांबलं, कारण माझ्या भावाच्या घरातले ते दिवस मला एकदम आठवले. तुला आठवतात का? भिंगरी पोटात होती, आपण सगळे एकत्र राहत होतो, आणि पुतण्याला कांजिण्या झाल्या. तू म्हणालीस, मला लहानपणी होऊन गेल्यात, मी बसते त्याच्या उशाशी. तेवढ्यात तुझी आई धावतपळत आली आणि म्हणाली, हिला झाला होता तो गोवर, कांजिण्या कधीच नाहीत. तू तिच्याशी केवढी भांडलीस! रक्त तपासलं आणि ती बरोबर निघाली, आणि ते तुला मुळीच आवडलं नाही. आपल्या याच डॉक्टरीणबाई होत्या. अशा दिवसांत या दुखण्याची सावलीसुद्धा नको म्हणाल्या, आईलाही जड जातं आणि बाळालाही. त्याच दिवशी तुला तुझ्या आईकडे नेऊन ठेवलं. मी पुतण्याच्या घरातून येणारा, म्हणून मलाही वर यायची बंदी. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचो आणि तू वरच्या खिडकीत. भिंगरीच्या खोलीसाठी रंगाच्या पट्ट्या मी खालून उंच धरायचो आणि तू मान हलवायचीस, नाही, नाही, हाही नाही. शेवटी एकीला हो म्हणालीस, आणि भिंतीवर लावल्यावर म्हणालीस की हा तो नव्हेच. त्या खिडकीखाली मी जेवढा सुखात होतो, तेवढा पुन्हा कधी झालो नाही. बाळंतपणानंतर लस घे म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती तू उद्या घेते, उद्या घेते म्हणत राहिलीस आणि राहूनच गेली. आता तुझी आई नाही. आणि तू अजूनही सगळ्यांना ठोकून सांगत असशील की मला झाल्यात. तुझं डोकं असं आहे की जे आईचं खरं ठरलं ते तू विसरूनच टाकतेस.

म्हणून दुकान उघडायच्या आधी तुझ्या नवऱ्याला दवाखान्यात फोन केला. आमचं दोघांचं हे पहिलंच बोलणं. रंगवाला बोलतोय म्हटल्यावर त्याला वाटलं दवाखान्याच्या भिंतींसाठी कोणी विचारतंय, तो म्हणाला यंदा नको. मग मी कोण ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, पण ती तर म्हणाली होती की झाल्यात. त्या वेळी, आता काय सांगू, क्षणभर मला बरं वाटलं, की तुझं काहीतरी फक्त माझ्यापाशी आहे. लगेच लाजही वाटली. तो तुला रक्त तपासायला नेईल, काय निमित्त काढेल ते त्याचं तो बघेल, त्यावरून त्याच्यावर चिडू नकोस. बाकीचं तिला मीच कळवतो, दुपारच्या टेम्पोबरोबर पत्र पाठवतो, तोवर तिला निघू देऊ नका, एवढं मी त्याच्याकडून मागून घेतलं. फोन ठेवताना त्याने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? हो हो, मला काय झालंय, असं मी म्हटलं. माणूस चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

भिंगरीची समजूत काढता काढता मात्र नाकी नऊ आले. एक तर तुझं गुपित फोडलं म्हणून रडणं, आणि तिच्या फोडांचं बाळाला काही होईल म्हणून त्याहून मोठं रडणं. आई इथे आलेलीच नाही, तर बाळाला काय होणार, असं शंभरदा सांगितलं. शेवटी तिनेच उपाय काढला. बाबा, खाली जाऊन एका कार्डावर चार चौकोन आखायचे, आणि त्यांत आपल्या सगळ्यांच्या अंगाचे रंग भरायचे, आईला पाठवायला. ती वरून हुकूम सोडणार, आत्या ते जिन्यातून पोचवणार, मी करणार. तिच्या डब्यात तिची बोटं बुडालेली, म्हणून तो तसाच वर ठेवला, तिचा रंग मी खाली नव्याने केला आणि दारात नेऊन थोडा तांबडा घालून दुरुस्त केला. माझा हात समोरच होता. मग जिन्यातून निरोप आला, आता आईचा. आत्याने विचारलं, फोटो पाठवू का खाली? मी नको म्हटलं. पांढरा घेतला, पिवळा, तांबडा, काडीच्या टोकावर काळा, जरा ढवळलं आणि चौकोनात लावलं. दारात नेऊन उन्हात बघितलं, काही बदलावं लागलं नाही. आत्याने हात धुऊन ते कार्ड लांबून, जिन्याच्या दारातूनच भिंगरीला दाखवलं, आणि ती वरून ओरडली, आई! मी जरा वेळ डब्यांच्या मागे जाऊन बसलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि हाका मारून परत गेलं.

तर हे पत्र एवढ्यासाठी, मास्तरीणबाई, की उद्या येऊ नकोस. तिच्यासाठी जीव तुटेल, तरी येऊ नकोस. रुमाल बांधून दारातूनच बघते, असलं काही काढू नकोस. ती बरी होईल, खपल्या पडल्या आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं की मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडीन. खोल्या नको म्हणून कळवलं, बोटवाल्यालाही कळवलं. मला वर नेऊन जे सांगायचं होतंस ते आता सांगावं लागणार नाही, ते ओझं उतरव. मला कळलंय. मी ठीक आहे, नसलो तर होईन. तिघांची सहल आता व्हायची नाही, हेही मला कळलंय. पुढच्या वर्षी तुम्ही चौघं जा, दीपगृह बघा, आणि पाण्यात पाय मात्र नक्की बुडव. माझ्यासाठी फक्त एक कर. हे वाचून झालं की भिंगरीला फोन कर, आणि बाबाला सांगितलंस ते बरं केलंस, तू सांगितलंस म्हणून बाळ आणि मी वाचलो, असं तिला तुझ्या तोंडाने सांग. मी सांगून तिला पटत नाही. कार्ड सोबत आहे, मीच केलंय, तिचा हात लागलेला नाही, बिनधास्त हातात घे. तीन चौकोन भरलेत. चौथा तिने रिकामा ठेवायला सांगितलाय, तो बाळाचा. तो काही मला जुळवता यायचा नाही. बाळ आलं की तुम्ही दोघं बघा, आणि बघाल ते ट्यूबलाइटखाली नको, दारात नेऊन, दिवसाच्या उजेडात बघा.

रस्त्याच्या पलीकडून, तुझाच,
भिंगरीचा बाबा